आधी पाच जणांना करू द्या, मग छापा

बारावीनंतर नीटची परीक्षा देऊ पाहणाऱ्या औंढा नागनाथच्या मुलीला अर्ज भरतानाच स्वतःचा चालू ई-मेल पत्ता द्यावा लागतो. सीईटीच्या नोंदणीला तो लागतो, पासपोर्टला लागतो, पुण्या-संभाजीनगरच्या कंपनीत बायोडाटा पाठवायचा तर लागतोच. हळदीचा व्यवहार तालुक्याबाहेर नेऊ पाहणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीला दरपत्रके, निविदा आणि बिले यांच्यासाठी तो टाळता येत नाही. गावाजवळच्या दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा होऊ घातली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्याभोवती जी लहानमोठी कामे निघतील, त्यांचाही पत्रव्यवहार ई-मेलवरच होणार. म्हणजे गरज दाराशी येऊन उभी आहे. या गरजेपोटी ई-मेल शिकायला निघालेल्या माणसाच्या हाती आपण एखादी पुस्तिका देतो, फळ्यावर पायऱ्या लिहून देतो किंवा सेवा केंद्राच्या भिंतीवर तक्ता लावतो. तो मजकूर लिहिणाऱ्याला ई-मेल येत असतो, तपासणाऱ्याला येत असतो, मंजूर करणाऱ्यालाही येत असतो. ज्याला येत नाही, त्याने तो वाचून ई-मेल पाठवून पाहिला का, हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे विचारल्याशिवाय अशी एकही सूचना छापली जाऊ नये. नवखा माणूस अडला तर चूक सूचनेची धरावी, आणि ती चूक छपाईच्या आधी शोधावी.

नवखा माणूस नेमका कुठे उभा आहे, इथपासूनच आपला अंदाज चुकतो. बहुतेक पुस्तिका 'नवीन खाते उघडा' या पायरीने सुरू होतात. पण अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधून काहीही घ्यायचे तर गुगलचे खाते लागते. त्यामुळे ज्याच्या हातात असा फोन आहे, त्याचा ई-मेल पत्ता बहुधा आधीच तयार झालेला असतो. तो फोन विकणाऱ्याने, भाच्याने किंवा अर्ज भरून देणाऱ्याने काढलेला असतो. पत्ता काय आणि पासवर्ड काय, हे मालकाला माहीत नसते. अशा माणसाला 'नवीन खाते उघडा' सांगितले की एका फोनवर दोन पत्ते होतात. पुढे अर्जावर एक पत्ता जातो, फोनवर दुसऱ्याची पत्रपेटी उघडते, आणि प्रवेशपत्राची सूचना भलतीकडे पडून राहते. त्यात डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने लागू केले आहे. पूर्वी कुणीतरी काढून दिलेला आणि कधीच न उघडलेला पत्ता त्या धोरणाच्या कक्षेत येऊ शकतो. म्हणून इथल्या पुस्तिकेचे पहिले वाक्य 'तुमच्या फोनमध्ये आधीपासून कोणता पत्ता आहे, ते आधी पाहा' असे असायला हवे. ही गोष्ट टेबलावर बसून सुचेलच असे नाही. खऱ्या माणसाचा खरा फोन समोर असला की मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळते.

पुढच्या पायऱ्यांचेही तेच. 'ज्यांना पाठवायचे त्यांचा पत्ता टाइप करा' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्याच्या पोटात निदान चार अडचणी दडलेल्या आहेत. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर इंग्रजी अक्षरे दिसतच नाहीत, ती आणण्यासाठी कोणती कळ दाबायची हे आधी सांगावे लागते. ॲटचे चिन्ह कधी समोर असते, तर कधी आकड्यांच्या पानावर गेल्याशिवाय सापडत नाही. शब्द आपोआप सुचवणारा कीबोर्ड मध्येच एक मोकळी जागा सोडतो. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यामुळे पत्ता चुकीचा ठरतो. शिवाय पत्ता कागदावर हाताने लिहिलेला असेल, तर शून्य आणि ओ, एक आणि एल यांत गोंधळ होतो. मग 'ओटीपी टाका' ही पायरी येते. संदेश पाहायला माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो, परत येतो तोवर आधीचा पडदा कधी नाहीसा झालेला असतो, आणि त्याला वाटते की सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे. गुणपत्रिका जोडायची तर तिचा फोटो गॅलरीत असतो, पीडीएफ फाइल्समध्ये असते, आणि व्हॉट्सॲपवर आलेली प्रत तिसरीकडेच. पाठवून झाल्यावर ते खरेच गेले का, हे कुठे पाहायचे? उत्तर आले असेल आणि दिसत नसेल, तर स्पॅममध्ये डोकावायचे हे कोण सांगणार? ज्याला ई-मेल येतो त्याची बोटे ही सगळी कामे न सांगता करतात, आणि म्हणूनच ती त्याच्या लिखाणातून गळतात. पाककृतीतले 'चवीपुरते मीठ' जसे स्वयंपाक येणाऱ्यालाच कळते, तशी ही वाक्ये ज्याला गरज नाही त्यालाच कळतात.

संगणकाच्या जगाने हा धडा चाळीसेक वर्षांपूर्वी घेतला आहे. अमेरिकेत आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात, कार्यालयात काम करणारी साधी माणसे शब्दसंस्करणाची प्रणाली कशी शिकतात, याचा जवळ बसून अभ्यास केला. कंपनीने पुस्तिका मोठ्या कष्टाने तयार केल्या होत्या. सगळे क्रमाने, सविस्तर, सचित्र होते. पण शिकणारे ती पाने क्रमाने वाचतच नव्हते. त्यांना एक पत्र टाइप करायचे होते, म्हणून ते प्रास्ताविक ओलांडून थेट कामाला हात घालत, चुकत, आणि चूक कशी निस्तरायची हे पुस्तिकेत कुठेच नसल्यामुळे अडकून पडत. कॅरोल यांनी मग उलट्या बाजूने सुरुवात केली. प्रास्ताविके काढली, मजकूर जोरकसपणे छाटला, पहिल्याच पानावर खरे काम दिले आणि चूक झाली तर कसे ओळखायचे, मागे कसे यायचे, हे जागोजागी लिहिले. अशी छोटी पुस्तिका घेऊन शिकणारे मोठ्या पुस्तिकेवाल्यांपेक्षा लवकर आणि चांगले शिकले. या कामावरचे त्यांचे पुस्तक १९९० मध्ये आले. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की, या छाटणीची दिशा शिकणाऱ्यांच्या चुकांनी दाखवली. कोणते वाक्य ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे शिकणाऱ्याच्या अडखळण्यावरून ठरले.

परदेशातला हा दाखला इथे कशाला, असे कुणी म्हणेल, तर आपल्याकडचे अनुभव अधिक बोलके आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट, ही एक तक्रार होती. दुसरी अशी की ज्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये रोज नोंदी करायच्या, ते इंग्रजीत होते. वापरणारी बाई कोण, ती कोणत्या भाषेत काम करते, हा प्रश्न आधी विचारला असता तर ही वेळ टळली असती. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीचे उदाहरण तर अगदी ताजे. कुटुंबातले कुणी सरकारी नोकरीत नाही, असे नकारार्थी विधान देऊन त्यापुढे होय किंवा नाही निवडायला सांगितले होते. नोकरीत कुणी नसेल तर 'होय' निवडायचे! सरळ बोलणारी बाई तिथे 'नाही' म्हणणारच. चुकीचा पर्याय निवडला गेल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की दुरुस्तीची संधी द्यावी लागली, आणि पुढे अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणीचा मार्ग काढावा लागला. हे एक वाक्य औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या पाच बायांसमोर आधी ठेवले असते, तर पहिल्या अर्ध्या तासात त्यातला दोष समोर आला असता. एका न तपासलेल्या वाक्याची किंमत किती घरांना मोजावी लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

यावर एक आक्षेप हमखास येतो: लोकांना वाचायचीच सवय नाही, त्याला सूचना काय करणार? 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालाने याचे उत्तर काही अंशी दिले आहे. देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचून चार प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगितले होते. किमान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे ६५ टक्के जणांना निदान तीन उत्तरे बरोबर देता आली. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. दोन-तृतीयांश मुलांना छापील सूचना पुरेशी कळते, म्हणजे लेखी सूचना निरुपयोगी ठरत नाही. उरलेल्या एक-तृतीयांश मुलांना मात्र चार ओळींच्या पाकिटावरचेही नीट लागत नाही, म्हणजे ई-मेलची वीस पायऱ्यांची पुस्तिका त्यांच्यासाठी अधिक काळजीने लिहावी लागेल. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. इथे आपल्या नियोजनाची पहिली पायरीच बदलते. ज्या मुलीला भावाचा किंवा वडिलांचा फोन तासाभरासाठी मिळतो, तिला दुसऱ्याच्या फोनवर आपले खाते कसे उघडायचे आणि काम झाल्यावर त्यातून बाहेर कसे पडायचे, हे आधी शिकवावे लागेल. नेहमीच्या पुस्तिकेत हा भाग सापडलाच तर शेवटच्या पानावर.

तपासणी म्हणजे काही मोठा खटाटोप नाही. जेकब निल्सन या वापरसुलभता-तज्ज्ञांनी २००० साली मांडलेला हिशेब असा की, पाच माणसांना वापरून पाहू दिले तर साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात. हा हिशेब प्रत्येक ठिकाणी तंतोतंत लागू पडत नाही, त्यावर मतभेद झाले आहेत. तरीही त्यामागचा मुद्दा पक्का आहे: एकदाच पन्नास जणांवर तपासण्यापेक्षा पाच जणांवर तपासावे, दुरुस्त करावे आणि पुन्हा नव्या पाच जणांवर तपासावे. औंढ्यात हे पाच जण कोण असावेत, ते नीट विचार करून निवडावे लागेल. नीटचा अर्ज भरणारी मुलगी हवी, चष्मा लावून वाचणारा हळद उत्पादक हवा, बचत गटाची सचिव हवी, बँकेतल्या कामासाठी मुलावर अवलंबून असलेले निवृत्त गृहस्थ हवेत, आणि ज्याने कधी बटणाच्या फोनपलीकडे काही हाताळले नाही असा एक जण हवा. प्रत्येकाला स्वतःचाच, किंवा घरात मिळतो तोच, फोन घेऊन बसवावे. काम खरे द्यावे: या पत्त्यावर तुमच्या दाखल्याचा फोटो पाठवा, आलेले उत्तर उघडून दाखवा. मग पुस्तिका हातात द्यावी आणि शेजारी गप्प बसावे.

हे गप्प बसणे सर्वांत कठीण आहे. आपल्याकडे शिकवणाऱ्याचा हात लगेच पुढे जातो, 'द्या इकडे, मी करून देतो' असे तोंडून निघतेच. तो हात आवरला पाहिजे, कारण पुस्तिका घरी नेल्यावर तिच्यासोबत तो हात जाणार नाही. माणसाला मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगावे. ही पद्धतही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्येच रुजली आणि आजही चालते. बोट कुठे थांबले, नजर पुस्तिकेवरून पडद्यावर आणि पुन्हा पुस्तिकेवर किती वेळा गेली, कोणती ओळ दोनदा वाचली, कुठे मागे जाण्याचे बटण दाबले, हे टिपावे. शेवटी 'समजलं का?' असे मात्र विचारू नये. मराठवाड्यातला माणूस समोरच्याच्या मानाखातर 'हो साहेब, समजलं' म्हणतो, आणि सूचना लिहिणारा समाधानाने उठतो. त्या होकाराला तपासणीत काही किंमत नाही. पत्र पोचले का, दाखला त्याला जोडला होता का, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तिका न पाहता हे पुन्हा जमले का, एवढ्याच तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुस्तिका पास किंवा नापास करावी.

सरकारने हे काम आधीच केले आहे, असा दुसरा आक्षेप. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे लक्ष्य सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतला प्रत्येकी एक माणूस साक्षर करण्याचे होते, आणि मार्च २०२४ मध्ये ते संपले तेव्हा ६.३९ कोटी लोकांना प्रशिक्षण दिल्याची नोंद झाली. वीस तासांच्या त्या अभ्यासक्रमात ई-मेलही होता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर गावोगाव पोचणे ही लहान गोष्ट नाही, तिचे श्रेय दिलेच पाहिजे. आपल्या राज्यात एमएस-सीआयटीने २००१ पासून लाखो मुलांना संगणकासमोर बसवले, तेही मोठेच काम. पण प्रशिक्षण घेतलेल्यांची संख्या आणि स्वतः ई-मेल पाठवू शकणाऱ्यांची संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत. अभियानाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची होती. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणारा माणूस दाखला जोडून पत्र पाठवू शकेलच, याची खात्री तसली परीक्षा देत नाही. आणि शिकणारा नापास झाला तर तो मोजला जातो. सूचना नापास झाली तर ते मोजण्याची सोय कुठल्याच योजनेत नाही.

व्हॉट्सॲप असताना ई-मेल कशाला, असे तरुण विचारतात. गप्पांसाठी, निरोपासाठी व्हॉट्सॲप उत्तमच आहे. पण नीट घेणारी यंत्रणा, विद्यापीठ, पासपोर्ट कार्यालय किंवा कंपनीचा मनुष्यबळ विभाग ज्या पत्त्यावर कळवतो, तो ई-मेलचा असतो, आणि फोन क्रमांक बदलला तरी तो पत्ता टिकतो. मुले करून देतात, सेवा केंद्रवाला करून देतो, हा युक्तिवाद मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो खरा आहे आणि त्याच कारणाने धोक्याचा आहे. ज्याच्याकडे तुमचा पासवर्ड, त्याच्याकडे तुमच्या अर्जाची, प्रवेशाची आणि कधीकधी बँकेच्या निरोपांचीही किल्ली. सेवा केंद्रांचे चालक बहुतांशी प्रामाणिकपणे मदत करतात. पण मदत घेणे ही निवड असावी, अगतिकता असू नये. व्हिडिओ पुरेसे आहेत असे म्हणणाऱ्यांनी एक साधी अडचण लक्षात घ्यावी. घरात एकच फोन असेल तर व्हिडिओ पाहायचा त्याच पडद्यावर आणि पायऱ्या करायच्याही त्याच पडद्यावर. कागद शेजारी ठेवता येतो, त्यावर बोट ठेवून थांबता येते.

पडदे सतत बदलतात, मग आज तपासलेली पुस्तिका उद्या जुनी होईल, हा आक्षेप मात्र मी मान्य करतो. बटणांची जागा बदलते, रंग बदलतात, नावेही बदलतात. म्हणूनच पुस्तिका जाड नको. आठ पानांची असावी, प्रत्येक पानावर कोणत्या महिन्यात तपासली ते छापावे, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा पाच जणांसमोर ठेवावी. बटणाचे नाव लिहिताना त्या फोनच्या पडद्यावर जे दिसते तेच लिहावे. पडदा इंग्रजी असेल तर तो शब्द देवनागरीत आणि शेजारी पडद्याचे चित्र. न बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे पत्ता अक्षर न अक्षर तपासणे, पाठवलेले पत्र पाठवलेल्यांच्या यादीत पाहणे, पासवर्ड आणि ओटीपी कुणाला न सांगणे, फसवणूक झाल्यास १९३० वर फोन करणे, या ठळक छापाव्यात. आठ पानांत मावत नाही ते नवख्याला पहिल्या आठवड्यात लागत नाही, असे समजायला हरकत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतच नाही. माणसे लागतात, आणि ती इथेच आहेत. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. संगणकशास्त्राच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी जोडीने हे काम क्षेत्रीय प्रकल्प म्हणून घ्यावे. एकाने पडदा समजून घ्यावा, दुसऱ्याने वाक्य. दोघांनी मिळून शेजारी गप्प बसावे. जिल्हा प्रशासनाने डिजिटल सेवांबाबतची कोणतीही पुस्तिका, फलक किंवा ऑनलाइन अर्जाची प्रश्नावली मंजूर करताना एक अट घालावी: पाच नवख्या माणसांवर तपासल्याची नोंद, त्यांना आलेल्या अडचणी आणि त्यानंतर केलेले बदल, असे एक पान सोबत जोडलेले असावे. ते पान नसेल तर फाइल परत पाठवावी. पुढच्या प्रवेशांचा हंगाम सुरू होण्याआधी औंढा नागनाथ तालुक्यात ई-मेलच्या अशा एका पुस्तिकेपासून सुरुवात करावी, ही हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि विद्यापीठाला जाहीर विनंती.